वीस मिनिटं पूर्ण थ्रॉटल: मियाटाचं इंजिन थंड ठेवण्याची खटपट

मझदाच्या मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारच्या डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा शर्यतीच्या ट्रॅकवर काही कामाचा नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ८० अंशांच्या आसपास आलं की तो मध्यावर जाऊन बसतो, आणि कूलंट १०० ओलांडून गेलं तरी जागचा हलत नाही. हे कारखान्यातूनच मुद्दाम केलेलं आहे. रोजच्या वापरात काटा जरा वरखाली झाला की मालक घाबरून गाडी दाखवायला आणतो, म्हणून मधला मोठा पट्टा सपाट ठेवलेला. ट्रॅकवर मात्र काटा हलेपर्यंत हेड गास्केटचं (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचं) जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्यामुळे गाडीच्या कशालाही हात लावण्याआधी आम्ही खरा आकडा डोळ्यांसमोर आणला.

गाडी १९९९ ची, दुसऱ्या पिढीची मझदा एमएक्स-५. अमेरिकेत तिला सगळे मियाटा म्हणतात. १.८ लिटर, चार सिलिंडर, टर्बो नाही, १४० हॉर्सपॉवर. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात राहून हौशी ट्रॅक डेला (ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायच्या दिवसाला) जाणाऱ्यांना तीन ट्रॅक जवळ पडतात: सोनोमा, लगुना सेका आणि थंडरहिल. पहिल्या दोन ठिकाणी समुद्राची हवा पोचते आणि गाडीचे बरेच दोष झाकले जातात. थंडरहिल विलोज गावाजवळ, सॅक्रामेंटो खोऱ्यात. तिथे उन्हाळ्यातल्या दुपारी हवा ४० अंशांवर जाणं नवलाचं नाही. लगुनाला व्यवस्थित चालणारी गाडी तिथे पाच लॅपमध्ये तोंडाला फेस आणते.

का, ते साध्या वजाबाकीने कळतं. कूलंट ९५ अंश आणि हवा २० अंश असेल तर फरक ७५ चा. हवा ४० झाली की फरक ५५ उरतो. रेडिएटर तोच, पंप तोच, वेग तोच, पण बाहेर टाकली जाणारी उष्णता चौथ्या हिश्शाहून जास्त घटली. दुसरीकडे मागणी किती वाढते तेही बघा. महामार्गावर ताशी १०० किमीने स्थिर जायला या आकाराच्या गाडीला १२ ते १५ किलोवॉट पुरतात. ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर इंजिन १०० किलोवॉटच्या आसपास देत असतं, आणि ढोबळ हिशेबाने चाकांकडे जितकी ताकद जाते जवळपास तितकीच उष्णता कूलंट आणि तेलाला उचलावी लागते. वळणांवर आणि ब्रेकखाली थोडी उसंत मिळते, म्हणून सरासरी कमी येते. तरीही रोजच्या प्रवासाच्या कितीतरी पट भार, आणि तो सलग २० मिनिटं.

आकडा दिसण्यासाठी खर्च फारसा नाही. अमेरिकेत १९९६ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-२ चं, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचायचं, सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथ अडॅप्टर लावला की फोनवर कूलंटचं तापमान अंशागणिक दिसतं. १०२ ला पिवळा इशारा, १०८ ला लाल आणि आवाज, असं आम्ही लावून ठेवतो. पण निव्वळ तापमानावर विसंबू नये. या इंजिनात सेन्सर सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला आहे. होज फुटून कूलंट वाहून गेलं की सेन्सरभोवती पाणी राहत नाही, वाफ राहते, आणि आकडा चढण्याऐवजी स्थिर दिसतो, कधी उतरतोसुद्धा. ड्रायव्हरला वाटतं, सगळं ठीक आहे. म्हणून हीटरच्या होजमध्ये टी-जोड घालून दाबाचा सेन्सर बसवला. इंजिन पूर्ण तापल्यावर दाब साधारण कुठे राहतो ते एक-दोन सेशनमध्ये कळतं. तो त्याच्या निम्म्यावर आला की दिवा लागतो. गळती झाली तर दाब आधी पडतो, तापमान नंतर चढतं. त्या मधल्या काही सेकंदांत इंजिन वाचतं.

मग गाडी जॅकवर.

सगळ्यात आधी रेडिएटरची प्लास्टिकची टाकी. मूळ रेडिएटर अॅल्युमिनियमचा, पण दोन्ही टोकांच्या टाक्या काळ्या प्लास्टिकच्या. वय झालं की वरच्या टाकीचा रंग हिरवट-तपकिरी होतो. तसा दिसला की ट्रॅकवर न्यायचाच नाही, गळत नसला तरी. पंपाच्या खालच्या बारीक छिद्राजवळ सुकलेल्या कूलंटची पांढरट किंवा हिरवी खपली असेल तर पंपाचं सील गेलंय. पंप अल्टरनेटरच्या बेल्टवर चालतो, पण बसतो टायमिंग बेल्टच्या आड, म्हणजे एवीतेवी सगळं उघडावं लागतं. बेल्ट, पंप आणि पुढची सीलं एकाच बैठकीत बदलली. होजमध्ये लोकांचं लक्ष वरच्या आणि खालच्या दोन मोठ्या होजकडे जातं. फुटतात मात्र लहान: हीटरच्या दोन, थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या बारीक, आणि इनटेक मॅनिफोल्डखाली हात पोचत नाही तिथल्या. त्या सगळ्या नव्या. सिलिकॉन होज दिसायला झकास, पण साध्या स्क्रूच्या क्लॅम्पने आवळली की गाडी थंड असताना हळूच पाझरते. रबराची चांगली होज आणि स्प्रिंगचा क्लॅम्प ही जोडी आम्हाला जास्त भरवशाची वाटते. स्प्रिंग होजबरोबर फुगतो आणि आकसतो.

रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. मूळ झाकण ०.९ बारचं. त्या दाबाखाली साधं पाणी ११९ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मऊ पडली किंवा रबर चिरलं तर १०० लाच. म्हणजे एका वायसरपायी १९ अंशांची उसंत जाते. दाब तपासायच्या हातपंपावर झाकण लावून पाहिलं, धरत नव्हतं, नवं घेतलं. १.१ बारचं झाकणही मिळतं, पण जुन्या प्लास्टिक टाकीवर ते लावणं म्हणजे फुटायची जागा आपणच ठरवून देणं.

आता कूलंट. ही व्यवस्था सुमारे ६ लिटरची, पण रेडिएटरचा खालचा नळ उघडला तर निम्म्याच्या आसपासच निघतं. बाकीचं ब्लॉकमध्ये राहतं, त्यासाठी ब्लॉकचा ड्रेन बोल्ट काढावा लागतो. डिस्टिल्ड पाण्याने भरणं, गरम करणं, थंड होऊ देणं, काढणं, असं निघणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. नळाचं पाणी नको. क्षार नेमके सगळ्यात गरम जागी, एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती, साचतात.

निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं रसायन) आणि निम्मं पाणी हे रस्त्याचं मिश्रण ट्रॅकवर दोन कारणांनी नको. पहिलं कारण संयोजकांचं. सांडलेलं ग्लायकॉल डांबरावर घसरडं राहतं आणि लवकर वाळत नाही, म्हणून शर्यतीच्या बऱ्याच नियमावल्यांत त्याला बंदी असते. दुसरं कारण उष्णतेचं. समजा ६० किलोवॉट उचलायचे आहेत आणि पंप मिनिटाला १०० लिटर ढकलतो आहे. निव्वळ पाणी असेल तर इंजिनातून जाताना ते साडेआठ अंशांनी तापेल. तेच काम करताना निम्म्या ग्लायकॉलचं मिश्रण दहा अंशांच्या जवळ जाईल. त्यात ते दाट, त्यामुळे धातूकडून उष्णता उचलण्यातही मागे. आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक घालतो. वॉटर वेटरसारख्या गंजरोधकाच्या बाटलीवर प्रमाण लिहिलेलं असतं, त्याहून जास्त घालून काही मिळत नाही. गंजरोधकाशिवाय निव्वळ पाणी मात्र कधीच नको, अॅल्युमिनियमचं हेड खाऊन टाकतं. आणि थंडीत गाडी डोंगरात नेणार असाल तर आधी ग्लायकॉल परत भरा. गोठलेलं पाणी ब्लॉक चिरतं.

भरताना हवा राहिली तर पुढचं सगळं फुकट. गाडीचं नाक रॅम्पवर चढवायचं, म्हणजे झाकणाची जागा सगळ्यात उंच होते. झाकण काढून सावकाश भरायचं, होज हाताने दाबत राहायचं, इंजिन सुरू करून थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत थांबायचं. तो उघडला की पातळी एकदम खाली जाते. पुन्हा भरायचं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग झाकण, एक फेरी, गाडी पूर्ण थंड, आणि परत पातळी.

थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला अजूनही पॅडॉकमध्ये, ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करतात तिथे, ऐकू येतो. ऐकू नका. त्याच्या अडथळ्यामुळे ब्लॉक आणि हेडमध्ये दाब टिकतो, आणि तो दाब गरम जागी बुडबुडे होऊ देत नाही. ८२ ऐवजी ७१ अंशांचा थर्मोस्टॅट लावला की इंजिन थंड राहील ही समजूतही तितकीच पोकळ. थर्मोस्टॅट फक्त खालची मर्यादा ठरवतो. पूर्ण उघडल्यावर तापमान किती चढेल ते रेडिएटर आणि हवा ठरवतात. सेशनच्या सुरुवातीची दोन मिनिटं बरी दिसतील, पुढे आकडा होता तिथेच.

खरं काम हवेचं, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ त्यातच गेला. बहुतेक जण आधी जाड रेडिएटर घेतात. आम्हीही पुढे घेतला, पूर्ण अॅल्युमिनियमचा, ३५ ते ४० मिमी जाडीच्या गटातला, कारण प्लास्टिकची टाकी बदलायचीच होती. पण हवेला रेडिएटरमधून जाण्याची सक्ती नसेल तर ती बाजूने, वरून, खालून निसटते. जाड रेडिएटरचा विरोध जास्त, त्यामुळे निसटायची ओढही जास्त. भोकं बुजवली नाहीत तर जाड रेडिएटर पातळापेक्षा वाईट चालू शकतो.

भोकं शोधायची युक्ती सोपी. रात्री गॅरेजचे दिवे बंद करून एकाने रेडिएटरच्या मागून टॉर्च मारायचा, दुसऱ्याने बंपरच्या तोंडातून बघायचं. जाळीतून येणारा उजेड ठीक, कडेने येणारा प्रत्येक झोत म्हणजे गळती. आमच्या गाडीत सगळ्यात मोठी फट रेडिएटरच्या वर, बॉनेटच्या कुलपाच्या पट्टीखाली होती. दुसरी दोन्ही बाजूंना. वरच्या फटीला १ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा वाकवून झाकण केलं. बाजूंना नालीदार प्लास्टिकचे तुकडे, निवडणुकीच्या पाट्यांसाठी वापरतात तेच, कापून रिव्हेटने. जिथे पत्रा पत्र्याला भिडतो तिथे बंद छिद्रांचा फोम, २० मिमी. साधा स्पंज पाणी पितो आणि काही महिन्यांत चुरा होतो.

इंजिनाखालचा प्लास्टिकचा ट्रे जुन्या मियाटांमध्ये हमखास गायब असतो, कारण ऑइल बदलताना आड येतो म्हणून कुणीतरी काढून ठेवलेला. तो फक्त चिखल अडवतो असं वाटतं. खरं तर बंपरखालून येणाऱ्या हवेला तो रेडिएटरकडे वळवतो आणि रेडिएटरच्या मागे खालच्या बाजूने दाब भरू देत नाही. ट्रे नसेल तर गाडी गर्दीत थंड आणि महामार्गावर गरम, असं उलटं लक्षण दिसतं. ते लक्षण दिसलं की आधी वाकून खाली बघा. आम्ही मूळ ट्रे शोधून बसवला.

फरक पडला की नाही ते मोजायला तापमानापेक्षा दाब बरा, कारण तापमान हवामानाप्रमाणे बदलतं. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरलं. एक टोक रेडिएटरच्या पुढे, दुसरं मागे. शेजारी बसलेल्याने पट्टी धरून उंचीतला फरक वाचायचा. ताशी १०० किमीला समोरून येणाऱ्या हवेचा पूर्ण दाब सुमारे ४७ मिमी पाण्याइतका असतो, १६० ला १२० मिमीच्या आसपास. म्हणजे जास्तीत जास्त किती मिळू शकतं ते आधीच ठाऊक आहे, आपल्याला त्यातलं किती मिळतंय एवढंच बघायचं. बदल केला, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला पुन्हा वाचलं. हातभर नळी महागड्या गेजइतकंच सांगते.

पुढून आलेली हवा मागून बाहेरही पडायला हवी. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून मागची कड उचललेल्या गाड्या दिसतात. दिसतं भारी, पण विंडशील्डच्या पायथ्याशी वेगात उच्च दाब असतो. तिथून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते आणि रेडिएटरची वाट उलट अडते. बॉनेटवर कमी दाब असतो तो पुढच्या तिसऱ्या हिश्शात, रेडिएटरच्या लगेच मागे. हवा बाहेर पडायला झडपा कापायच्या तर तिथे. थंडरहिलला जुलै-ऑगस्टमध्ये जायचं नसेल तर बॉनेट न कापता भागतं, असं आमचं मत.

एसी काढायचा का? एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, रेडिएटरच्या पुढे बसते, म्हणजे हवा आधी त्यातून गाळून येते. फक्त ट्रॅकची गाडी असेल तर काढा, गॅस मात्र परवानाधारकाकडून काढून घ्या. रोज चालवायची असेल तर ठेवा आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्यामधली फट फोमने बंद करा. बरीच हवा तिथूनच पळते.

या इंजिनाची एक जन्मजात खोड समजून घेतली नाही तर वरचं सगळं करूनही सगळ्यात मागचा, चौथा सिलिंडर पोळतो. हे इंजिन मझदाच्या पुढची चाकं चालवणाऱ्या, आडव्या इंजिनाच्या गाड्यांच्या घराण्यातलं. तिथे पंप एका टोकाला आणि कूलंट बाहेर पडण्याची जागा दुसऱ्या टोकाला, म्हणजे पाणी चारही सिलिंडर ओलांडून जातं. मियाटात इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, बसवताना मागे फायरवॉल (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत) आली, म्हणून थर्मोस्टॅट आणि निकास पुढे आणले. आता पंपही पुढे आणि निकासही पुढे. पाण्याचा मोठा हिस्सा पुढच्या सिलिंडरांना भेटून परततो. मागच्यांना मुख्यतः हीटरच्या होजमधून ओढलं जाणारं पाणी मिळतं. २००१ पासूनच्या इंजिनांत मझदाने हेड गास्केटची छिद्रं बदलून पाणी मागे ढकलायचा प्रयत्न केला. आमची त्याआधीची.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट: वजन कमी करायला हीटर काढून त्याची दोन्ही तोंडं बुच मारून बंद करू नका. मागच्या सिलिंडरांचा उरलासुरला प्रवाहही थांबतो. काढायचाच तर दोन्ही तोंडं होजने एकमेकांना जोडा.

कायमचा उपाय म्हणजे रिरूट: थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेणं. तयार किट मिळतात. हेडच्या मागचं झाकण काढून तिथे स्पेसर आणि थर्मोस्टॅटचं घर बसतं, ३२ मिमीची होज इंजिनाच्या कडेने पुढे रेडिएटरच्या वरच्या तोंडाला येते, पुढची मूळ वाट पट्टीने बंद होते. मागचे बोल्ट फायरवॉलकडे तोंड करून आहेत, हात जेमतेम जातो. एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट आणि संयम, तिन्ही लागतात. गास्केटची जुनी चिकटलेली पापडी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा. लोखंडी पात्याने अॅल्युमिनियमवर ओरखडा गेला तर तिथूनच पाझरेल. होज एक्झॉस्टच्या बाजूने जात असेल तर उष्णतेची बाही घाला, आणि जिथे घासेल तिथे क्लिप. शर्यतीच्या वर्गात उतरत असाल तर नियमावली आधी वाचा. काही वर्गांत मूळ रचना बदलायची मुभा नसते.

तेलाचं थोडक्यात. १.८ च्या इंजिनात फिल्टरपाशी छोटा पाण्याचा ऑइल कूलर मूळचाच आहे. त्यामुळे तेल तापलं की कूलंटही तापतं. तेलाचा आकडा कूलंटच्या मागून सावकाश चढतो, म्हणून पहिल्या पाच मिनिटांवरून काही ठरवू नका. १०० ते १२५ अंश ठीक, १३५ दिसला की वेग उतरवायचा. तिथे वरचेवर जात असेल तर थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट (फिल्टरखाली बसून तेल कूलरकडे वळवणारी) आणि हवेचा वेगळा कूलर, पण तो रेडिएटरच्या थेट पुढे टांगू नका.

ट्रॅकवरची शिस्त. पहिला लॅप निम्म्या जोराने, तेल ८० च्या वर येईपर्यंत ४,००० आरपीएमच्या आत. दुसऱ्या गाडीच्या शेपटाला चिकटून लॅपवर लॅप काढले की तिची गरम, विस्कटलेली हवा आपल्या रेडिएटरला मिळते. सरळ पट्ट्यावर अर्धी गाडी बाजूला सरकलं की आकडा उतरायला लागतो. पिवळा इशारा आला की ७,००० ऐवजी ५,५०० ला गियर बदलायचा. लॅपला सेकंद-दीड सेकंद जातो, उष्णता मात्र बरीच कमी होते. तरीही चढत असेल तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण वेगात. उन्हाळ्यात, हेल्मेट घालून, हा प्रकार नरकच, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच आणि तो नेमका हेडच्या मागून पाणी ओढतो. दाबाचा दिवा लागला तर यातलं काहीच करायचं नाही: गाड्या पळतात त्या रेषेतून बाहेर, इंजिन बंद, मार्शलच्या (ट्रॅकवरच्या सुरक्षा कर्मचाऱ्याच्या) चौकीजवळ थांबायचं. आपलं पाणी सगळ्या ट्रॅकवर सांडत पिटपर्यंत येणाऱ्याला दुसरे ड्रायव्हर विसरत नाहीत.

शेवटचा लॅप थंड करण्याचा: उंच गियर, कमी आरपीएम, ब्रेक जवळजवळ नाही. पॅडॉकमध्ये आल्यावर बॉनेट उघडून पंखा चालू ठेवत मिनिट-दोन मिनिटं आयडल, मगच चावी. लगेच बंद केलं की पंप थांबतो, हेडमधली उष्णता स्थिर पाण्यात उतरते आणि बंद गाडीचा आकडा वर चढतो. झाकणाला हात लावायचा नाही. आतलं ११० अंशांचं पाणी दाबामुळेच पाणी आहे, दाब गेला की क्षणात वाफ. पातळी ओव्हरफ्लो बाटलीवर पाहायची, मार्करने आधी खूण करून ठेवलेली. प्रत्येक सेशननंतर बाटली भरत जाते आणि थंड झाल्यावर पाणी परत ओढलं जात नाही, असं दिसलं तर झाकण संशयित. झाकण नवं असूनही तसंच होत असेल आणि थंड इंजिनाच्या रेडिएटरमध्ये सतत बारीक बुडबुडे दिसत असतील, तर ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येतोय. रसायनाची तपासणी करून घ्यायची, निळं रसायन पिवळं झालं की गास्केट गेलं; त्या दिवशी पुढचं सेशन नाही.

ही गाडी भारतात अधिकृतपणे विकायला आली नाही, पण चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकला किंवा कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला फोक्सवॅगनची टर्बो पोलो घेऊन जाणाऱ्यांना टॉर्चची युक्ती, झाकण, ट्रे आणि यू नळी जशीच्या तशी लागू. त्यांच्या गाडीत इंटरकूलरही (टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा) समोरच्या हवेत वाटेकरी असतो, म्हणून फटी बुजवणं आणखी निकडीचं.

घरी आल्यावर पुढचा बंपर सैल करून रेडिएटर बघायचा. ट्रॅकवर टायरच्या रबराच्या गोळ्या उडतात आणि फिनमध्ये (रेडिएटरच्या जाळीतल्या पातळ पत्र्यांमध्ये) रुततात, किडे तर असतातच. पाण्याची धार मागून पुढे, बागेच्या साध्या पाइपने. प्रेशर वॉशर नको, फिन आडवे पडतात. आडवे पडलेले प्लास्टिकच्या कंगव्याने किंवा बोथट टोकाने एकेक ओळ सरळ करायचे.